उष्टी चाल आणि आपला आवाज : गाणे ध्वनिमुद्रित करणाऱ्यांसाठी

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे 15 किलोमीटरवर असलेल्या देवगिरीच्या, म्हणजे आजच्या दौलताबादच्या, यादव राजसत्तेत सिंघण राजाच्या आश्रयाने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. काश्मिरातून दक्षिणेत आलेल्या घराण्यातला आणि दरबारात जमाखर्चाचे काम पाहणारा हा पंडित संगीताचे मार्ग आणि देशी असे दोन भाग करतो. त्यांपैकी देशी संगीताची व्याख्या करताना तो त्या त्या प्रदेशातील लोकांच्या रुचीला आधार मानतो, म्हणजे जे गाणे एखाद्या मुलखातील माणसांना त्यांच्या आवडीप्रमाणे रिझवते ते देशी. शास्त्रग्रंथाने आवडीनिवडीला दिलेले हे स्थान आज घरच्या खोलीत मायक्रोफोन लावून बसणाऱ्या गायकालाही उपयोगी पडणारे आहे, कारण त्याच्यापुढे उभे राहणारे बहुतेक प्रश्न, म्हणजे स्वतःची आवड कोणती, ती गाण्यात कितपत उतरावी, इतरांकडून काय घ्यावे आणि यंत्राने आवाजात किती ढवळाढवळ करावी, या ग्रंथाच्या ‘प्रकीर्णक’ नावाच्या तिसऱ्या अध्यायात वेगळ्या भाषेत आधीच चर्चिलेले आहेत. ग. ह. तारळेकर यांनी केलेले या ग्रंथाचे मराठी भाषांतर उपलब्ध असल्याने संस्कृत न येणाऱ्या वाचकालाही ते पाहता येतात.

प्रकीर्णकाध्यायात वाग्गेयकाराची लक्षणे सांगितली आहेत. गाण्यातील शब्दांच्या बाजूला ‘मातु’ आणि स्वरांच्या बाजूला, म्हणजे सोप्या मराठीत चालीला, ‘धातु’ अशी संज्ञा असून दोन्ही स्वतः रचणारा तो वाग्गेयकार. आजच्या बोलीत गीतकार आणि संगीतकार एकाच ठिकाणी. त्याच्या अंगी असाव्यात अशा गुणांच्या लांबलचक यादीत व्याकरण, छंद, अलंकार, तालज्ञान यांच्याबरोबरच इतरांनी उष्टे न केलेले बोलणे बोलण्याचा आग्रह आणि नवी चाल घडवण्याची शक्ती हेही गुण मोजले आहेत, आणि त्यांच्याच शेजारी दुसऱ्याच्या मनाची पारख हाही गुण आहे. आपलेपणा जपणे म्हणजे श्रोत्याकडे पाठ फिरवणे, असा जो समज नव्याने गाणी करणाऱ्यांमध्ये अनेकदा आढळतो, त्याला या यादीत जागा नाही.

त्याच अध्यायात गायकांचे पाच प्रकार येतात. शिकवण्यास समर्थ असतो तो शिक्षाकार, दुसऱ्याच्या ढंगाचे अनुकरण करतो तो अनुकार, रसात स्वतः बुडून गातो तो रसिक, श्रोत्यांना रिझवतो तो रंजक आणि मूळ गीतात काही अधिक भर घालून त्याला उंची देतो तो भावक. अनुकाराला शार्ङ्गदेव गायकांच्या पंगतीतून उठवत नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नकलेपासून गाणे सुरू होते, आणि ज्या गायकाने कधीच कोणाची नक्कल केली नाही तो बहुधा गायलाच शिकलेला नसतो. प्रश्न उरतो तो अनुकारापासून भावकापर्यंत जाण्याचा, आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी तो अधिक टोकदार होतो, कारण बैठकीत खपून जाणारी उसनवारी ध्वनिफितीवर पुन्हा पुन्हा ऐकली जाते.

या प्रवासाचे मराठी रसिकांना सर्वांत परिचित उदाहरण कुमार गंधर्वांचे आहे. 1924 साली बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे जन्मलेला हा मुलगा नामवंत गायकांच्या ध्वनिमुद्रिका जशाच्या तशा गाऊन दाखवतो म्हणून लहानपणीच गाजला, म्हणजे शार्ङ्गदेवाच्या भाषेत तो असामान्य अनुकार होता. पुढे मुंबईस प्रा. बी. आर. देवधरांकडे शिक्षण झाले, क्षयाने अंथरुणाला खिळून काढलेल्या देवासच्या वर्षांत माळव्यातील लोकगीते कानांवर पडत राहिली, आणि त्यांतून त्यांनी धुनउगम राग उभे केले. नंतर त्यांनी बालगंधर्वांच्या पदांचा कार्यक्रम केला तेव्हा त्याला ‘मला उमजलेले बालगंधर्व’ असे नाव दिले. दुसऱ्याचे गाणे घ्यायचे, पण ते आपल्याला जेवढे आणि जसे कळले तेवढेच गायचे, ही भूमिका त्या नावातच आहे, आणि दुसऱ्यांची गाणी ध्वनिमुद्रित करू पाहणाऱ्या कोणालाही ती जशीच्या तशी स्वीकारता येईल.

स्वतःची रुची ओळखणे हे वाटते तितके सोपे काम नाही, कारण रुची आणि सवय एकमेकींत मिसळलेल्या असतात. मोबाइलवरील अ‍ॅप जे पुढे सरकवते ते आठवडाभर कानांवर पडले की आवडू लागते; तेव्हा गायकाने काही दिवस मुद्दाम काहीही न ऐकता, कामाच्या ओघात, स्वयंपाक करताना किंवा गाडी चालवताना तोंडात आपोआप कोणत्या ओळी येतात याची नोंद ठेवावी. या नोंदीत बहुधा लाज वाटावी अशा गोष्टीही निघतात. शास्त्रीय संगीत शिकणाऱ्या मुलीच्या वहीत बँडवर वाजणारे लग्नातले गाणे निघते, रॅप करणाऱ्या मुलाच्या वहीत आजीच्या काकड्याचा अभंग निघतो, आणि याच नोंदी सर्वांत मोलाच्या असतात, कारण त्या कोणावर छाप पाडण्यासाठी केलेल्या नसतात. यानंतर दुसरी यादी करावी ती आपल्याला गाता येते त्याची. आवडते पण गळ्यात बसत नाही, आणि गळ्यात बसते पण आवडत नाही, असे दोन्ही गट बाजूला काढल्यावर जे उरते ते थोडे असते. पहिले ध्वनिमुद्रण त्यातूनच निवडावे.

रुची एकजिनसी असलीच पाहिजे, असेही नाही. छत्रपती संभाजीनगरच्या परिसरातच पैठणच्या एकनाथांची भारुडे, खुलताबादच्या दर्ग्यांतील कव्वाली, वली आणि सिराज औरंगाबादी यांच्या गझलांची परंपरा आणि नागसेनवनाच्या आसमंतात वाढलेले आंबेडकरी गायन एकाच माणसाच्या कानांवर पडू शकते. विठ्ठलाची भक्तिगीते, भीमगीते आणि कव्वाली असे सर्व एकाच खड्या गळ्याने गाणाऱ्या प्रल्हाद शिंदे यांना कोणी अप्रामाणिक म्हटलेले नाही. आवाजाचा लगाव प्रत्येक वेळी त्यांचाच होता. एका ‘जॉनर’मध्ये, म्हणजे बाजाराने आखून दिलेल्या प्रकारात, बसले नाही तर आपली ओळख होणार नाही या भीतीने आपल्या आवडीचा अर्धा भाग छाटून टाकणारे गायक पुष्कळ दिसतात. ही छाटणी सहसा गाण्याच्या हिताची नसते.

शार्ङ्गदेवाने आणखी एक संज्ञा दिली आहे जी ध्वनिमुद्रण करणाऱ्याने पाठ करून ठेवावी. ‘काकु’ म्हणजे स्वराला चढणारी छटा. तिचे सहा प्रकार सांगताना तो देशकाकु, क्षेत्रकाकु आणि यंत्रकाकु हेही तीन प्रकार सांगतो. प्रदेशाच्या स्वभावाने रागाला येणारी छटा ती देशकाकु; क्षेत्र म्हणजे शरीर, तेव्हा प्रत्येक शरीराच्या निसर्गदत्त वेगळेपणाने येणारी छटा ती क्षेत्रकाकु; आणि वीणा, बासरी अशा वाद्यांमुळे येणारी ती यंत्रकाकु. मायक्रोफोन आणि संगणक यांनाही यंत्र मानले, तर ध्वनिमुद्रणात आपलेपणा हरवण्याची बहुतेक उदाहरणे म्हणजे यंत्राच्या छटेने शरीराची आणि मुलखाची छटा पुसून टाकल्याची उदाहरणे होत, असे म्हणता येते. पुढील व्यावहारिक सूचना या एका विचाराभोवतीच आहेत.

पहिला निर्णय पट्टीचा, म्हणजे षड्ज कोणत्या सुरावर धरायचा याचा. कराओके ट्रॅकवर गाण्याची सवय झालेले गायक मूळ गाण्याचीच पट्टी स्वतःची मानू लागतात; ज्या मुलीचा गळा काळी दोनमध्ये भरदार लागतो ती मूळ गायिका काळी पाचमध्ये गायली म्हणून तिथे ताणून गाते, आणि वरचा सूर लागतो म्हणून समाधान मानते. क्षेत्रकाकु इथेच संपते. मुद्रणापूर्वी तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर तीन-चार लगतच्या पट्ट्यांत एकच अंतरा गाऊन मोबाइलवर टिपावा, दुसऱ्या दिवशी ऐकावा, आणि ज्या पट्टीत खालचे शब्द स्पष्ट व वरचे शब्द न ओरडता आले ती धरावी. श्रोत्याला शब्द खालच्या सुरांत कळतात आणि गाण्याचा जीव पुष्कळदा तिथेच असतो.

दुसरा निर्णय खोलीचा. दहा बाय बाराची, सिमेंटच्या भिंतींची आणि शहाबादी फरशीची खोली आवाज परतवते, आणि हा परतलेला आवाज मुद्रणात डब्यातून गायल्यासारखा ऐकू येतो. गायकाच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना दोरीवर जाड गोधड्या टाकल्या, फरशीवर सतरंजी अंथरली आणि शक्य तर कपड्यांनी भरलेले उघडे कपाट जवळ ठेवले, तर महागड्या फोमशिवाय हा दोष बराच कमी होतो. गोधड्या गायकाच्या पाठीशी हव्यात याचे कारण असे की बहुतेक मायक्रोफोन ‘कार्डिऑइड’ असतात, म्हणजे समोरचे ऐकतात आणि मागचे टाळतात, त्यामुळे गायकाच्या मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज थेट त्यांच्या समोर येतो. पंखा बंद ठेवावा लागतो, आणि मराठवाड्यातील एप्रिल-मे महिन्यांत हे गाणाऱ्याच्या सहनशक्तीची परीक्षा पाहणारे ठरते, म्हणून उन्हाळ्यात पहाटेची वेळ धरणे श्रेयस्कर. तेव्हा रस्त्यावरची वाहनेही कमी असतात. खोली बरी नसेल तर संवेदनशील कंडेन्सर मायक्रोफोनपेक्षा साधा डायनॅमिक मायक्रोफोन अधिक उपयोगी पडतो, कारण तो जवळचे घेतो आणि लांबचे सोडतो. तोंडापासून सुमारे एक वीत अंतर ठेवावे. याहून जवळ गेल्यास खर्जाचा भाग कृत्रिमरीत्या फुगतो, ज्याला ध्वनितंत्रात समीपता-परिणाम म्हणतात, आणि हलका गळा असलेल्या गायकाला तो फुगवटा इतका आवडतो की तो स्वतःचा खरा आवाज ओळखायला विसरतो. मुद्रण 24 बिटमध्ये करावे आणि सर्वांत मोठ्या आवाजालाही मापक उणे 10 डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवावी, म्हणजे जोरकस जागेवर आवाज फाटत नाही आणि ती जागा दबून गाण्याची गरज उरत नाही.

मायक्रोफोनसमोर उभे राहिल्यावर कोणते दोष उघडे पडतात हेही जुन्या ग्रंथात सापडते. शार्ङ्गदेवाने गायकाचे 25 दोष मोजले आहेत, आणि त्यांत दात आवळून गाणे, वारंवार सूसू असा आवाज करणे, भीत भीत गाणे, शंकित होऊन घाईने गाणे, शब्द अस्पष्ट ठेवणे, नाकात गाणे हे सर्व आहेत. सभागृहात खपणारा सूत्कार एक वीत अंतरावरच्या मायक्रोफोनला मोठा वाटतो. पण यातील भीती आणि शंका हे दोष यंत्राने काढता येत नाहीत. त्यांवर उपाय सुफी परंपरेत सापडतो. चौदाव्या शतकात देवगिरीला आलेले आणि 1337 साली निवर्तलेले चिश्ती संत बुऱ्हानुद्दीन गरीब, ज्यांचा दर्गा खुलताबादेत आहे, समाचे, म्हणजे आध्यात्मिक संगीतश्रवणाचे, मोठे पुरस्कर्ते होते. समासाठी काळ, स्थळ आणि संगत या तीन गोष्टी योग्य असाव्यात असा सुफींचा जुना संकेत आहे. त्यांतील संगतीची अट इथेही लागू पडते, म्हणून ध्वनिमुद्रणाच्या वेळी खोलीत कोण बसले आहे याकडे मुद्दाम लक्ष द्यावे. प्रत्येक तुकड्यानंतर ‘अमक्यासारखे झाले नाही’ असे म्हणणारा मित्र तांत्रिक मदतीला कितीही चांगला असला तरी गाताना बाहेर बसवलेला बरा.

सर्वांत नाजूक विषय सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरचा. 1997 साली बाजारात आलेले ‘ऑटोट्यून’ आणि त्याच्यासारखी इतर साधने गायलेला सूर जवळच्या ठरावीक सुरावर ओढतात, आणि ते ठरावीक सूर पेटीच्या पट्ट्यांप्रमाणे समान अंतरावर बसवलेले असतात. दरबारी कानड्याचा आंदोलित कोमल गंधार या खाचांत बसत नाही, तो त्यांच्यामध्ये झुलतो. मींड तर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचाच प्रकार आहे. ओढण्याचा वेग जास्त ठेवला तर यंत्र या घसरणीच्या पायऱ्या करून टाकते, आणि भारुडातील बोलता बोलता गाण्यात शिरणारी ओळ अर्धी बोली, अर्धी सूर राहण्याऐवजी पूर्ण यंत्राची होते. ही साधने टाळावीतच असा हट्ट धरण्याचे कारण नाही. ज्या रॅपमध्ये किंवा नृत्यगीतात तो यांत्रिक आवाज मुद्दाम हवा असतो तिथे तो रंगच आहे. मात्र इतर ठिकाणी संपूर्ण गाण्यावर दुरुस्ती एकदम लावू नये, ठळकपणे घसरलेला एखादा सूर हाताने निवडून तेवढाच सरळ करावा, आणि तत्पूर्वी ती ओळ पुन्हा गाऊन पाहावी. दुसऱ्यांदा गायलेली ओळ दुरुस्त केलेल्या ओळीपेक्षा बहुतेक वेळा चांगली निघते.

लयीबाबतही असेच आहे. क्लिक ट्रॅक म्हणजे कानात ठोक्यांनी चालणारी ठरावीक गती. वेगवेगळ्या दिवशी वाजवलेली वाद्ये जुळावीत म्हणून ती लागते. परंतु वारकरी भजनाची लय चढत जाते आणि कव्वालीत शेवटची पुनरावृत्ती सुरुवातीच्या दीडपट वेगाने आली तरी कोणाला खटकत नाही, उलट तेच अपेक्षित असते. अशा गाण्याला पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत एकच गती बांधली की टाळ वाजतात पण भजन चढत नाही. यावर सोपा उपाय असा की गायक आणि पखवाज किंवा ढोलकीवाला यांना प्रथम एकत्र, क्लिकशिवाय, समोरासमोर बसवून संपूर्ण गाणे मुद्रित करावे, त्या मुद्रणाची बदलती गती संगणकात नोंदवून घ्यावी आणि बाकीची वाद्ये त्यावर वाजवावीत. संबळासारखे वाद्य नमुनापेटीतून, म्हणजे आधीच मुद्रित केलेल्या ठोक्यांच्या संग्रहातून, घेण्याचा मोह टाळावा. गोंधळ्याच्या संबळाच्या एका बाजूचा घुमारदार ठोका आणि दुसऱ्या बाजूचा कडक ठोका यांतील संबंध तिथे तुटलेला असतो. संबळ वाजवणारा माणूस आपल्याच जिल्ह्यात सापडतो, आणि त्याच्यासाठी मायक्रोफोन हातभर दूर सरकवला की काम भागते.

दुसऱ्याच्या चालीवर आपले शब्द बसवावेत काय, या प्रश्नाचे उत्तर शार्ङ्गदेवाने थोडक्यात दिले आहे. परक्या धातूवर मातु रचणाऱ्याला तो ‘कुट्टिकार’ म्हणतो. ही संज्ञा कमीपणाची मानण्याची घाई करू नये. आंबेडकरी जलशांपासून गायन पार्ट्यांपर्यंत लोकांच्या ओठांवरच्या चाली घेऊन त्यांवर नवा विचार बसवण्याची रीत मोठी आहे. वामनदादा कर्डकांच्या (1922–2004) पिढीने या रीतीने जी गाणी वस्त्यावस्त्यांत पोहोचवली, त्यांत चाल उसनी असली तरी मातु उष्टा नव्हता, आणि मातु हीच तिथली खरी गरज होती. उसनी चाल आणि उसनेच शब्द, वर उसना गळा, अशी तिहेरी उसनवारी मात्र कोणत्याही परंपरेत बसवता येत नाही.

व्यवहारात इथे कायदा येतो. 1957 च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार गाण्याचे शब्द, संगीतरचना आणि ध्वनिमुद्रण या तीन वेगळ्या मालमत्ता आहेत. शब्द आणि चाल यांवरील हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे आणि ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षे टिकतो. त्यामुळे एकनाथांच्या भारुडाचे शब्द सर्वांचे असले तरी गेल्या पिढीतील संगीतकाराने त्याला लावलेली चाल सर्वांची नसते, आणि चित्रपटगीताच्या चालीवर बसवलेले भीमगीत जयंतीच्या मंचावर चालून गेले तरी प्रसिद्ध करण्यापूर्वी परवानगीचा प्रश्न उभा राहतो. गायकाने हा शोध मुद्रणाच्या आधी घ्यावा, कारण परवानगी न मिळाल्यास स्वतः चाल बांधण्याला तेव्हा वेळ असतो. आणि अनुभव असा की मजबुरीने बांधलेल्या चालीच पुष्कळदा अधिक आपल्या निघतात.

छोट्या रीलसाठी गाणे तोडावे लागते याबद्दल तक्रारी ऐकू येतात, पण 78 फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकांच्या काळातही एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटेच मिळत, आणि ख्याल गाणाऱ्यांनी त्यांत विस्तार सोडून रागाचा गाभा ठेवायला शिकून घेतले. तीस सेकंदांसाठी गाण्याचा मुखडाच कापावा असे नाही. ज्या जागेवर आपला आवाज सर्वांत ओळखू येतो ती जागा निवडावी, मग ती अंतऱ्यात असो. मिश्रण करताना सगळे वरच्या पातळीला दाबून मोठे करण्यातही आता फारसा लाभ उरलेला नाही, कारण स्पॉटिफायसारख्या सेवा गाण्यांची मोठी-लहान पातळी ऐकवताना आपोआप समान करतात, आणि दाबलेले गाणे तिथे फक्त सपाट ऐकू येते.

गाणे प्रसिद्ध करताना कोणतीही दुरुस्ती न केलेले मूळ मुद्रण तारीख आणि पट्टी लिहून वेगळे जपून ठेवावे, वादकांची नावे वाद्यांसह द्यावीत, आणि चालीपुढे ‘पारंपरिक’ असा मोघम शब्द लिहिण्यापूर्वी ती चाल कोणाकडून उचलली याचा विचार करावा. ती एखाद्या गावच्या भजनी मंडळाकडून मिळाली असेल, तर मंडळाला विचारून गावाचे आणि मंडळाचे नाव तिथे लिहावे.